विषय: शाखेत कर्मचाऱ्याने स्वतःचं पिस्तूल चालवल्याबाबत तक्रार

प्रति,
मा. तक्रार निवारण अधिकारी,
सोनेतारण कर्ज विभाग, मुख्य कार्यालय

महोदय,

तुमच्या चोपडा शाखेत माझं सोनेतारण कर्ज आहे. मृगाच्या तोंडावर कपाशीचं बियाणं आणि खतं घ्यायला घरातली पोत व पाटल्या ठेवल्या, त्या अजून तुमच्याच तिजोरीत आहेत. गेल्या महिन्यात व्याज भरायला आलो होतो, त्या दुपारी शाखेत काय झालं ते तुम्हाला ठाऊक आहेच. त्यावरून तुम्ही शाखाधिकाऱ्यांना शाल-श्रीफळ देऊन सत्कार केलात. माझी तक्रार त्या सत्काराबद्दल आहे.

हेल्मेट घातलेले दोघे आत आले. एकाच्या हातात गावठी कट्टा होता. आमच्याकडे ही नवलाई नाही, सीमेपलीकडच्या, मध्य प्रदेशातल्या उमर्टीचे कट्टे पोलीस पकडतात हे पेपरात नेहमीच येतं. कॅशियर पोरीने हात वर केले आणि ड्रॉवर उघडून दिला. तिने बरोबर केलं. तेवढ्यात शाखाधिकारी केबिनमधून स्वतःचं पिस्तूल घेऊन बाहेर आले. त्यांचा हात इतका कापत होता की नळी आधी चोरांवर, मग आमच्या बाकावर, मग पुन्हा चोरांवर अशी फिरली. गोळी सुटली ती भिंतीवरच्या व्याजदराच्या फलकात घुसली. फलकाखाली बाकावर एक म्हातारी नातवाला मांडीवर घेऊन बसली होती. तिच्या पदरावर चुना पडला. ‘माय वं!’ एवढंच ती म्हणाली. चोर पळाले, आणि अर्ध्या तासात शाखाधिकारी वाघ ठरले.

ते माणूस म्हणून सज्जन आहेत, त्यांच्यावर माझा राग नाही. मी बंदुकीच्या विरोधातलाही नाही. आमच्या शिवारात रानडुकरांसाठी पीकसंरक्षणाचा परवाना असलेले शेतकरी आहेत. पण परवाना व्यक्तीच्या नावावर असतो. जिल्हा प्रशासन तो त्या माणसाचं कारण तपासून देतं, तुमच्या शाखेची राखण करायला नाही. शस्त्र अधिनियम 1959 मध्ये 2019 साली दुरुस्ती झाली. त्यानुसार दुसऱ्याच्या जिवाला धोका होईल अशा निष्काळजीपणे बंदूक चालवणाऱ्याला 2 वर्षांपर्यंत कैद किंवा 1 लाखापर्यंत दंड होऊ शकतो. स्वसंरक्षणाचा हक्क भारतीय न्याय संहितेच्या कलम 34 ते 44 मध्ये आहे आणि जबरी चोरी अडवतानाही तो मिळतो, हे मान्य. पण तो गरजेपुरताच. उद्या गोळी कुणाला लागली असती तर कोर्टाच्या पायऱ्या त्या माणसाला एकट्याला चढाव्या लागल्या असत्या. तुम्ही तेव्हा शाल घेऊन आला असता का?

आणि ही गोळी झाडली कशासाठी? तुमच्याच कर्मचाऱ्याने मला कर्ज देताना मोठ्या अभिमानाने सांगितलं होतं की तिजोरीला टाइम लॉक आहे, मॅनेजरने ठरवलं तरी ती लगेच उघडत नाही, आणि सगळ्या सोन्याचा विमा आहे. म्हणजे चोरांच्या हाती लागणार होती ती ड्रॉवरमधली दुपारपर्यंतची रोकड. तेवढ्यासाठी बाकावरच्या सगळ्यांचे जीव टांगणीला! माझ्या बायकोची पोत तिच्या आईकडून आलेली आहे, ती मला परत हवीच आहे. तरीही सांगतो, त्या ड्रॉवरपायी कुणी माझ्या डोक्यावरून गोळी घालू नये.

दिवाळीपर्यंत दारात बाराबोअरवाला माजी सैनिक उभा असायचा. नंतर तो दिसेनासा झाला. विचारलं तर ‘खर्चकपात’ म्हणाले. इथेच खरी गोम आहे. खासगी सुरक्षा एजन्सींसाठी 2005 चा कायदा आहे, त्यांना परवाना लागतो, गार्डला प्रशिक्षण लागतं. तुम्ही पगार वाचवला आणि राखणीचं काम अशा माणसावर सोडलं ज्याने आयुष्यभर तराजू आणि कसोटीचा दगड हाताळला. वर सत्कार करून बाकी शाखांनाही सुचवलं, की असंच करा. आता दुसऱ्या कुठल्या शाखेतला पोरगा घरचं पिस्तूल डब्यासोबत पिशवीत घालून येईल, आणि पुढच्या वेळी चोर आधी गोळी घालून मग बोलतील.

प्रशिक्षित सशस्त्र गार्ड परत ठेवा. काउंटरखालची धोक्याची बेल त्या दिवशी वाजली नाही, ती का वाजली नाही हे कळवा. कर्मचाऱ्याने खासगी शस्त्र शाखेत आणायचं नाही आणि दरोडा पडला तर रोकड देऊन टाकायची, मग 112 लावायचा, असा लेखी आदेश काढून तो शाखेत मराठीत लावा. त्या म्हातारीच्या घरी कंपनीचा कुणी जबाबदार माणूस जाऊन आला का, तेही सांगा. मी विचारलं तेव्हा कुणीच गेलं नव्हतं.

उत्तर लेखी द्या. फोन केला की ‘साहेब मीटिंगमध्ये आहेत’ हे ऐकून झालं आहे. 30 दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करीन, या पत्राची पोच मी जपून ठेवली आहे.

आपला,
चोपडा शाखेचा एक खातेदार