पॅरालीगलचा कोर्स निवडताना

महोदय,

बारावीचे निकाल लागले की ‘सहा महिन्यांत कायद्याच्या क्षेत्रात करिअर’ अशा जाहिराती झळकू लागतात. पॅरालीगलचे, म्हणजे वकिलाला कायदेशीर कामात मदत करणाऱ्या सहायकाचे, काम जबाबदारीचे आहे आणि ते नीट शिकवणाऱ्यांची गरजही आहे. पण फी भरण्याआधी एक गोष्ट पक्की समजून घ्यावी. या प्रमाणपत्राने कोर्टात उभे राहता येत नाही. अधिवक्ता अधिनियम, १९६१ नुसार वकिली सनदधारकानेच करायची. त्यासाठी बारावीनंतर पाच किंवा पदवीनंतर तीन वर्षांचे विधी शिक्षण लागते. पॅरालीगलसाठी आपल्याकडे सनदेसारखा परवानाच नाही. तेव्हा तो ‘मिळवून देतो’ म्हणणाऱ्या संस्थेच्या दारातूनच परत फिरावे.

बारावीनंतर इग्नूची (इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाची) पॅरालीगल प्रॅक्टिसची पदविका आहे. किमान कालावधी एक वर्ष. ज्यांना लोकांना मदत करायची आहे, त्यांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे विधी स्वयंसेवक म्हणून अर्ज करावा. निवड झाल्यावर प्रशिक्षण प्राधिकरणच देते. मात्र तिथे मानधन मिळते, पगार नाही. आणि पक्षकाराकडून एक रुपयाही घेता येत नाही.

खासगी कोर्सची परीक्षा आपणच घ्यावी. निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्टच्या कलम १३८ खालील, म्हणजे चेक न वटल्याच्या, प्रकरणात तारखा कशा मोजायच्या, हे तिथे करून दाखवतात का, ते विचारावे. चेक न वटल्याचे बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस, ती मिळाल्यापासून पैसे भरायला १५ दिवस, ती मुदत संपल्यावर एका महिन्यात तक्रार. नवशिके हटकून चुकतात ते इथे: १५ दिवस नोटीस पाठवल्याच्या तारखेपासून धरतात आणि तक्रार मुदतीआधीच दाखल होते. म्हणून पोस्टाची पोच फाइलला लावणे हासुद्धा अभ्यासाचाच भाग हवा. तसेच अनुक्रमणिकेतले पान आणि प्रत्यक्षातले पान जुळवणे, प्रतिज्ञापत्र तपासणे, ई-फायलिंग. दावा ऑफिस ऑब्जेक्शनमध्ये (कोर्टाच्या कार्यालयाने काढलेल्या त्रुटींत) अडकतो तो बहुधा अशाच बारीक चुकांनी, आणि पुस्तकी व्याख्यानांतून या गोष्टींचे वळण हाताला लागत नाही.

आणखी एक. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे, पण त्याआधीच्या गुन्ह्यांना भारतीय दंड संहिताच लागते. त्यामुळे केवळ जुन्या किंवा केवळ नव्या कलमांच्या नोट्स देणारा वर्ग अपुरा आहे. वकिलाच्या कार्यालयात किमान तीन महिने प्रत्यक्ष काम करायला मिळेल, हे संस्थेकडून लेखी घ्यावे.

– विधी प्रशिक्षणाशी संबंधित काही वाचक