पाव किलोचा कॅमेरा आणि पणतीचा उजेड

संपादक महोदय,

हातात चांगला मोबाईल असताना वेगळा कॅमेरा बाळगण्यात काय अर्थ आहे, हा प्रश्न आपल्या दैनिकाच्या तंत्रज्ञानविषयक मजकुरात आणि वाचकांच्या पत्रांतही अधूनमधून उपस्थित होत असतो. प्रश्न रास्त आहे. जपानमधील कॅमेरा उत्पादकांच्या संघटनेच्या आकडेवारीनुसार 2010 साली जगभर बारा कोटींहून अधिक डिजिटल कॅमेरे रवाना झाले होते आणि त्यांतील बहुसंख्य खिशात मावणारे होते. 2023 साली सर्व प्रकारचे कॅमेरे मिळून हा आकडा ऐंशी लाखांच्याही आत आला. तरीही या दिवाळीत माझ्या हाती एक नवा छोटा कॅमेरा आला आणि गेले तीन आठवडे तो रोज वापरल्यावर, या प्रश्नाचे उत्तर आपण फार घाईने देऊन मोकळे झालो आहोत, असे मला प्रामाणिकपणे वाटू लागले आहे. म्हणून हे पत्र.

हा कॅमेरा म्हणजे रिको कंपनीचा जीआर फोर. तो 2025 च्या ऑगस्टमध्ये जाहीर झाला. जपानमध्ये नोकरीला असलेला माझा भाचा सुटीवर आला तेव्हा तो घेऊन आला. तेव्हा अमेरिकेत त्याची जाहीर किंमत जवळपास 1,500 डॉलर होती, म्हणजे आपल्याकडे सव्वा लाखाच्या पुढची गोष्ट. ती कुणालाही सहज परवडेल असे मी म्हणणार नाही. मी स्वतः निवृत्तीनंतर बाजूला ठेवलेल्या पैशांतून ती दिली. पण पुढे जे लिहीत आहे त्याचा बराचसा भाग या एका कॅमेऱ्यापुरता नसून, जुन्या बाजारात मिळणाऱ्या अशाच छोट्या कॅमेऱ्यांनाही लागू पडेल.

प्रथम वस्तूविषयी. बॅटरी आणि कार्डासह वजन 262 ग्रॅम, म्हणजे पाव किलोच्या जरासे पुढे. लांबी सुमारे 109 मिलिमीटर, उंची 61 आणि जाडी 33. सदऱ्याच्या खिशात तो थोडा जड वाटतो, पण झब्ब्याच्या किंवा जाकिटाच्या खिशात विसरून जावे इतका सहज बसतो. बाहेरून तो अगदी साधा आहे: काळा, कुठे चकाकी नाही, लेन्स आत गेलेली असताना एखाद्या चष्म्याच्या घरासारखा. या साध्या डबीच्या आत मात्र एपीएस-सी नावाच्या मोठ्या आकाराचा सेन्सर, म्हणजे प्रकाश टिपणारा पृष्ठभाग, आहे. पंधरा वर्षांपूर्वी घरोघरी असलेल्या छोट्या कॅमेऱ्यांतील सेन्सरच्या तुलनेत त्याचे क्षेत्रफळ बारा-तेरा पट भरते आणि आजच्या चांगल्या मोबाईलच्या मुख्य सेन्सरच्या तुलनेतही चार-पाच पट. पाऊस पडत असताना अंगणात वाटी ठेवली तर वाटीभर पाणी मिळते आणि परात ठेवली तर परातभर. प्रकाशाचेही तसेच आहे. चित्रांचा तपशील सुमारे 26 मेगापिक्सेल इतका आहे. तो आकडा मला फारसा महत्त्वाचा वाटत नाही, कारण घरात लावायच्या छायाचित्राला त्याच्या निम्म्यानेही भागते.

लेन्स एकच आहे, 28 मिलिमीटरच्या तोडीची, म्हणजे समोरचे रुंद दृश्य एकदम टिपणारी, आणि तिला झूम नाही. पहिले दोन दिवस याचाच मला सर्वाधिक त्रास झाला. मोबाईलवर दोन बोटांनी चित्र जवळ ओढण्याची इतकी सवय झाली आहे की समोरचा माणूस लहान दिसला की बोटे आपोआप पडद्याकडे जात. इथे मात्र माणूस मोठा दिसायला हवा असेल, तर त्याच्याजवळ जावे लागते. जवळ गेले की बोलावे लागते, परवानगी विचारावी लागते, नाव-गाव निघते. पुण्याच्या महात्मा फुले मंडईत गेली अनेक वर्षे मी भाजी घेतो. 1886 साली उघडलेल्या त्या इमारतीच्या उंच छतातून सकाळी नऊच्या सुमारास तिरपा उजेड खाली उतरतो, तो मी शेकडो वेळा पाहिला असेल. पण त्या उजेडात बसून पालेभाजीच्या जुड्या बांधणाऱ्या मावशी मूळच्या पुरंदरच्या आहेत आणि त्यांच्या सासूबाईही त्याच गाळ्यावर बसत, हे मला या दिवाळीनंतर कळले, ते केवळ या कॅमेऱ्याने मला चार पावले पुढे जायला लावले म्हणून.

या मालिकेच्या कॅमेऱ्यांत एक जुनी सोय आहे, तिला ‘स्नॅप फोकस’ म्हणतात. अंतर आधीच ठरवून ठेवायचे, समजा अडीच मीटर, आणि बटण एका दमात पूर्ण दाबायचे; कॅमेरा फोकस शोधत बसत नाही, क्षण थेट टिपतो. प्रकाश आत सोडणारे लेन्सचे छिद्र एफ/8 इतके लहान ठेवले, तर सुमारे सव्वा मीटरपासून थेट क्षितिजापर्यंत सारे पुरेसे स्पष्ट येते. हे गणित काही नवे नाही. माझ्या वडिलांकडे आग्फा क्लिक थ्री होता. एका रोलमध्ये बारा फोटो, फोकसची भानगडच नाही, कारण अंतर कारखान्यातच ठरलेले. त्या डब्याने काढलेली आमच्या मुंजीची छायाचित्रे आजही स्वच्छ आहेत. साठ वर्षांनी तोच साधा विचार, संगणकाची जोड घेऊन, पुन्हा माझ्या तळहातावर आला याचे मला खरोखर अप्रूप वाटले. दाइदो मोरियामा यांच्यासारखे जपानी छायाचित्रकार तोक्योतील शिंजुकुच्या गल्ल्यांत चालता चालता याच मालिकेतील कॅमेऱ्यांनी वर्षानुवर्षे का काम करत राहिले, ते अशा वेळी हाताला कळते.

आता मुख्य मुद्दा, जो मला त्रिपुरी पौर्णिमेच्या रात्री उमगला. वाईजवळच्या मेणवलीला कृष्णेच्या घाटावर मी त्या संध्याकाळी होतो. पायऱ्यांवर लोकांनी पणत्या लावल्या होत्या, पाणी जवळजवळ काळे होते आणि त्यावर पिवळे ठिपके थरथरत होते. शेजारी उभ्या असलेल्या एका मुलाने मोबाईलवर फोटो काढून मला कौतुकाने दाखवला. फोटो नेटका होता, अगदी स्वच्छ. मात्र त्यात रात्र नव्हती. घाटाच्या दगडांचा प्रत्येक सांधा दिसत होता, आकाश निळसर झाले होते, पणत्यांचा पिवळेपणा उतरून ज्योती पांढऱ्या पडल्या होत्या. यात त्या मुलाची चूक नाही. मोबाईल बटण दाबल्यावर एक नव्हे तर अनेक चित्रे टिपतो, त्यांची बेरीज करतो, काळोखातले उजळतो, उजेडातले दाबतो आणि ‘लोकांना असे आवडते’ या ठरावानुसार एक चित्र आपल्या हाती देतो. हे तंत्र थक्क करणारे आहे आणि हलणाऱ्या नातवंडांचे घरातले फोटो काढताना मी स्वतः त्याचा आनंदाने उपयोग करतो. परंतु अंधार किती ठेवायचा, हा निर्णय तिथे मला न विचारता झालेला असतो.

जीआर फोरच्या पाठीवर अंगठ्याखाली अधिक-उणे अशी खुणांची कळ आहे. ती उण्याच्या बाजूला दाबली की चित्र काळोखे होत जाते आणि पडद्यावर ते त्याच क्षणी दिसते. मी कळीने उजेड दोन पायऱ्यांनी कमी केला. दगड नाहीसे झाले, पाणी उरले, ज्योती उरल्या, आणि पणती ठेवायला वाकलेल्या एका आजींच्या गालावर केवळ त्या एका वातीचा जेवढा उजेड पडला होता तेवढाच उरला. मला जे दिसले होते ते हेच. कॅमेरा माझ्याहून हुशार नव्हता, म्हणून ते मला जमले. पुढे त्याच घाटावरील घंटेजवळ गेलो. वसईच्या मोहिमेनंतर, म्हणजे 1739 नंतर, पोर्तुगीजांकडून आलेल्या घंटांपैकी ती एक आहे आणि तिच्यावर 1707 हे साल कोरलेले आहे. तिथे उजेड जवळपास नव्हताच; कॅमेरा ठेवायची तिवई, म्हणजे ट्रायपॉड, सोबत नव्हती. एक चतुर्थांश सेकंद इतका वेळ शटर उघडे ठेवून, श्वास रोखून, कठड्याला टेकून चार फोटो घेतले. सेन्सरच हालून हाताचा पाच प्रकारचा कंप सावरतो, त्यामुळे चारपैकी तीन फोटोंत घंटेवरील उठाव स्पष्ट आला आहे. हे श्रेय कॅमेऱ्याचे, आणि ते मी मोकळेपणाने देतो.

उणिवाही सांगायला हव्यात, नाहीतर हे पत्र जाहिरात ठरेल. डोळा लावून पाहायचा व्ह्यूफाइंडर यात नाही आणि भर दुपारच्या उन्हात पडद्यावरचे चित्र अंदाजानेच पाहावे लागते. पडदा वळत नाही. अंगचा फ्लॅश नाही. पावसापासून संरक्षण नाही, त्यामुळे कोकणातल्या किंवा आपल्या घाटमाथ्यावरच्या पावसाळ्यात तो पिशवीत नीट गुंडाळूनच न्यावा लागेल, आणि लेन्स पुढे-मागे सरकणाऱ्या कोणत्याही कॅमेऱ्याप्रमाणे धुळीची काळजी घ्यावी लागेल. बॅटरी एका भरणीत सुमारे 250 फोटो देते असे कंपनीच सांगते, तेव्हा लग्नाला जाताना दुसरी बॅटरी खिशात असलेली बरी. कार्डही आता मोठे नसून मोबाईलमध्ये घालतात तसले मायक्रोएसडी लागते. ते आधी न वाचल्याने माझी जुनी कार्डे ड्रॉवरमध्येच राहिली. मात्र कॅमेऱ्याच्या आतच 53 जीबीची साठवण असल्याने पहिल्या दिवशी अडले काही नाही. ज्यांना पक्ष्यांचे किंवा मैदानावरच्या खेळाडूंचे फोटो काढायचे आहेत, त्यांनी याच्या वाटेला जाऊच नये.

आणखी एक फरक मला अनपेक्षित होता. फोटो काढण्यासाठी मोबाईल बाहेर काढला की त्यावर तीन संदेश, एक न घेतलेला फोन आणि बँकेची सूचना वाट पाहत असते. फोटो निघतो, पण मन घाटावरून घरी पोहोचलेले असते. हा कॅमेरा अर्ध्या-पाऊण सेकंदात सुरू होतो, एक फोटो काढतो आणि पुन्हा खिशात जातो. शटरचा आवाज इतका हलका आहे की देवळात कीर्तन चालू असताना शेजारच्याचीही मान वळत नाही. मेणवलीच्या त्या रात्री मी एकंदर 41 फोटो काढले आणि त्यांतील नऊ ठेवले. मोबाईलवर तेवढ्या वेळात दोनशे झाले असते आणि एकही पुन्हा पाहिला गेला नसता, हे मी गेल्या वर्षीच्या अनुभवावरून सांगतो.

या निमित्ताने आपल्या दैनिकाच्या माध्यमातून एक विनंती करावीशी वाटते, कारण या तीन आठवड्यांत तिची गरज मला प्रत्यक्ष भासली. एका संग्रहालयाच्या दारात मला थांबवण्यात आले. फलकावर लिहिले होते की मोबाईलने छायाचित्रण विनामूल्य आणि कॅमेऱ्यासाठी वेगळे शुल्क. माझ्या पुढच्या कुटुंबातील चौघे मोबाईलवर दिवे लावून चलतचित्रण करत आत गेले. माझा कॅमेरा त्यांच्या मोबाईलपेक्षा आखूड होता, त्याला फ्लॅशसुद्धा नव्हता, तरी त्याची पावती फाडावी लागली. दारावरच्या कर्मचाऱ्याने अत्यंत सौजन्याने सांगितले की नियम आहे, मी काय करू. त्यांचे खरेच आहे. पण तो नियम ज्या काळात झाला, त्या काळी कॅमेरा असणारा माणूस म्हणजे व्यावसायिक किंवा सधन, असा समज असावा. आज प्रत्येक खिशात कॅमेरा आहे. फ्लॅशने जुन्या चित्रांना इजा होत असेल तर फ्लॅशला बंदी असावी, तिवईने वाट अडत असेल तर तिवईला असावी, छायाचित्रणच नको असेल तर ते सर्वांनाच नको असावे. केवळ एखाद्या वस्तूला फोन करता येत नाही म्हणून तिच्यावर शुल्क आकारण्यामागचा हेतू मला समजलेला नाही. संग्रहालये, देवस्थाने आणि किल्ल्यांच्या व्यवस्था पाहणाऱ्या मंडळींनी आपापले फलक या दृष्टीने एकदा वाचून पाहावेत, आणि आपल्या प्रतिनिधींनी ठिकठिकाणचे असे नियम गोळा करून त्यांवर सविस्तर लिहावे, अशी माझी आग्रहाची सूचना आहे.

आपल्या तंत्रज्ञानविषयक सदराकडूनही एक अपेक्षा आहे. कॅमेऱ्यांविषयी जे छापून येते त्यात मेगापिक्सेल आणि किंमत यांपलीकडे सहसा काही नसते. तो कॅमेरा समईच्या उजेडात काय करतो, सावळ्या वर्णाच्या चेहऱ्याला उगीच उजळतो की आहे तसा ठेवतो, शेतातल्या दुपारच्या उन्हात त्याचा पडदा दिसतो का, हे कुणीतरी आठवडाभर वापरून मराठीत लिहायला हवे. जीआर फोरपुरते सांगायचे तर मंडईतल्या त्या मावशींचा वर्ण छायाचित्रात जसाच्या तसा आला आहे. त्याची एक प्रत छापून मी त्यांना नेऊन दिली, तेव्हा ती त्यांनी तराजूमागच्या खांबावर, सासूबाईंच्या जुन्या तसबिरीशेजारी लावली.

आपला विश्वासू,
एक नियमित वाचक, पुणे