आक्काला गेटवर थांबवलं

वाघोली, रविवार

प्रिय बाळ्या,

दोन वर्षं तुला एक ओळ लिहिली नाही, शिव्या घालशील, घाल. तब्येत बरी, शुगर जरा वर, बाकी ठीक. हे व्हॉट्सअ‍ॅपवर सांगण्यासारखं नाही म्हणून लिहितोय. आक्का तुला सांगणार नाही, तिचा स्वभाव तुला माहितीये.

गुरुवारी ती शेंगोळ्यांचा डबा घेऊन गावठाणातनं पायी आमच्या सोसायटीत आली. गेटवरच्या पोरानं फ्लॅट नंबर विचारला, तिला कुठनं माहीत असणार, म्हणाली "आमच्या दिल्याकडं". त्यानं यादीत नाव हुडकून मला ॲपवर रिक्वेस्ट टाकली आणि मी मीटिंगमध्ये, फोन पालथा. पाऊण तास बसली रे ती, पार्सलवाल्यांच्या बाकड्यावर. मग डबा ठेवून निघून गेली. मला मिळाला तेव्हा झाकणावर मार्करनं फ्लॅट नंबर टाकलेला.

पोराचा दोष नाही, बारा तास ड्युटी करतो तो. नियम आमचा आणि त्याखाली सही माझी.

तात्यांच्या रानातनं वाघेश्वरला जायची पाणंद आठवते ना, ती आता सी विंगच्या मागच्या भिंतीपाशी संपते. तिथं छोटं गेट होतं. खाणीवरच्या वस्तीतल्या बायका कामाला तिथनंच यायच्या, आक्कापण, म्हाताऱ्या वॉचमनशी गप्पा मारत. दोन वर्षांपूर्वी एक सायकल चोरीला गेली, गेट बंद करायचा ठराव आला, अनुमोदक कोण तर मी! पुढं सायकल बी विंगच्या पार्किंगमध्येच ताडपत्रीखाली सापडली, पण गेट बंद ते बंदच. त्या बायका आता नगर रोडनं वळसा घालून डंपरच्या कडेकडेनं येतात. टँकरला मात्र कुणी ओटीपी मागत नाही. २०२१ला महापालिकेत गेलो तरी आमचं पाणी टँकरचंच, दहा-दहा हजार लिटरचे येतात, विहीर गावातली, टँकर गावातल्या पोरांचे, आणि मीटिंगमध्ये कुणीतरी म्हणणार "हे लोकल लोक", तेव्हा मी खाली मान घालून मिनिट्स लिहितो. मी कुठला रे मग? दीड किलोमीटरवर फ्लॅट घेतला आणि रेसिडेंट झालो!

तू पारावर म्हणाला होतास, आपण जमीन विकायची नाही, मगरपट्ट्यासारखं करू. हडपसरला १२०च्या आसपास कुटुंबांनी ४०० एकरांहून जास्त रान एकत्र करून कंपनी काढली, त्यात त्यांचेच शेअर. मी म्हटलं, इथं भावकी बांधावरनं कोर्टात आणि हे निघाले कंपनी काढायला. सगळे हसले, तू महिनाभर बोलला नाहीस. कबूल, हसायला नको होतं. (भावकीबद्दल मात्र मी बरोबर होतो, तेवढं मान. आणि फुशारू नको, मगरपट्ट्यालाही गेट आहेच.)

एजीएम ३० सप्टेंबरच्या आत घ्यावीच लागते, आमची पुढच्या रविवारी. मी अर्ज दिलाय, मागचं गेट सकाळी सहा ते रात्री आठ उघडं ठेवा. चेअरमन विचारतो, कॅमेऱ्याचा खर्च कोण देणार, आणि दोन वर्षांपूर्वी तूच होतास ना? याला काय उत्तर देणार. बायको म्हणते, आक्काला ॲपमध्ये कायमची पाहुणी म्हणून टाक, विषय संपला. टाकायला बसलो तर आत पर्याय मेड, ड्रायव्हर, नातेवाईक, इतर. 'नातेवाईक' केलं. आता तिचा फोटो लागतो, तो मागायला जायचंय आणि पाय निघत नाही.

मस्कतला उन्हाळा कसा गेला? नव्या नोकरीचं झालं का? पोरीचे दहावीचे मार्क कळले, झकास. वहिनींना नमस्कार.

डबा घासून ओट्यावर ठेवलाय, चार दिवस झाले. रिकामा तर नेता येत नाही. काय घालून नेऊ सांग, आणि तुला आवडतं ते नको सांगू, तिला आवडतं ते सांग.

तुझा,
दिल्या