पोराला कामाला ठेवता, तसे उभेही करा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

हे पत्र खानापूर-आटपाडी भागातल्या, देशभर पसरलेल्या गलाई दुकानदारांसाठी, म्हणजे सोने-चांदी गाळून शुद्ध करून देणाऱ्यांसाठी आहे. मीही त्यांच्यातलाच. दुकान मुलाच्या हाती देऊन आता विट्याला परतलो आहे.

माझा पुतण्या नायजेरियात लागोसला नोकरीला आहे. त्याने तिथल्या इग्बो व्यापाऱ्यांची रीत सांगितली, ती आपल्या लोकांनी ऐकावी. हे लोक आग्नेय नायजेरियातले. १९६७ ते १९७० या काळात, नायजेरियातून फुटून बियाफ्रा हा वेगळा देश करण्यावरून युद्ध झाले, त्यात ते पार बुडाले. युद्धानंतर बँकेत कितीही शिल्लक असो, सरकारने खातेदाराच्या हातावर सरसकट २० पौंड ठेवले. तरी ओनित्शा, आबा, न्नेवी इथला व्यापार त्यांनी पुन्हा उभा केला, त्यात या रीतीचा वाटा मोठा. व्यापारी गावाकडचा, बहुधा नात्यातला पोरगा दुकानात आणतो. पाच-सात वर्षे पगार नाही, राहणे-जेवण मालकाकडे. पोरगा झाडलोट करतो, माल उतरवतो, हळूहळू खरेदी, उधारी, गिऱ्हाईक सांभाळायला शिकतो. मुदत संपली की मालक त्याला भांडवल देतो, पुष्कळदा दुकानाचे भाडेही भरतो. उद्या हाच आपल्यासमोर दुकान थाटेल हे माहीत असून देतो. किती पोरे मार्गी लावली यावर त्याची गावातली पत ठरते.

आपल्याकडेही पूर्वी हेच होते. दुष्काळाने गाव सोडायला लावले आणि आधी गेलेल्यांनी मागच्यांना ओढून नेले. मला गावातल्या अण्णांनी कोइमतूरला नेले. भट्टीतली मूस, म्हणजे सोने वितळवायचे भांडे, सांडशीने उचलताना मनगट हलू नये म्हणून ते कितीतरी दिवस रिकामी मूस धरायला लावत. तेजाब (ॲसिड) ओतण्याआधी वारा कुठला ते बघ, मग उभा राहा, हे त्यांचे रोजचे सांगणे. मी वेगळा झालो तेव्हा त्यांनी तराजू दिला, बिनव्याजी रक्कम दिली आणि स्वतः सराफांच्या पेढ्यांवर नेऊन ‘हा आपला पोरगा’ म्हणून सांगितले. पैसे मी फेडले, त्या शब्दाची फेड होत नाही. ओळखीशिवाय कोण कुणाच्या हाती सोने गाळायला देतो?

आता बऱ्याच दुकानांत पोरगा नुसता पगारी झाला आहे. शेजारच्या वाडीतला एक मुलगा ऐन उमेदीची वर्षे भट्टीपुढे घालवून परवा गाडीभाडे घेऊन परत आला. सोबत ना भांडवल, ना एका सराफाची ओळख. मला याचा फार त्रास झाला.

इग्बोंतही सगळे मालक सज्जन नाहीत. मुदत संपत आली की चोरीचा आळ घालून पोराला रिकाम्या हाताने हाकलणारे तिथेही आहेत, आणि ठराव बहुतेक तोंडी असल्याने पोराची बाजू लंगडी पडते. म्हणून माझी विनंती आहे की पोरगा नेतानाच कागद करा. किती वर्षे, पगार किती, शेवटी काय देणार, हे त्याच्या आईबापासमोर आणि गावातल्या दोन जाणत्यांच्या सहीने लिहा. पेढ्यांवर ओळख करून देणे हेही त्यात घाला. यात्रेला सगळे दुकानदार गावी येतात, त्या बैठकीत हा विषय घ्यावा. कागदाचा मसुदा करायला मी तयार आहे.

आपला,
एक निवृत्त गलाई दुकानदार
विटा, जि. सांगली