क्रूझ कंट्रोलसाठी मोकळी जागा आणि योग्य जागा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात बेळगावहून चोर्ला घाटमार्गे परतत असताना आमच्यासोबतच्या एका स्नेह्यांच्या मोटारसायकलचे इंजिन एका अरुंद वळणावर हँडल डावीकडे वळवताच आपोआप रेस झाले. त्यांनी ॲक्सिलरेटर पूर्ण सोडलेला होता. क्लच आणि इंजिन बंद करण्याचे बटण त्यांनी वेळीच दाबले म्हणून गाडी कठड्याला घासून थांबली आणि सुजलेल्या मनगटावर निभावले. गाडी कडेला घेऊन पाहिले तेव्हा कारण सापडले. आठच दिवसांपूर्वी त्यांनी बाहेरून क्रूझ कंट्रोल, म्हणजे ॲक्सिलरेटर न धरता वेग एकसारखा ठेवणारे यंत्र, बसवून घेतला होता. त्याची केबल हँडलच्या मानेपाशी तारांच्या जुडग्याला प्लॅस्टिकच्या पट्टीने करकचून बांधलेली होती आणि हँडल पुरते वळले की ती ताणली जाऊन थ्रॉटल, म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमीजास्त करणारी झडप, उघडत होती. यंत्र धडधाकट होते. ते बसवण्याची जागा आणि केबलची वाट चुकली होती. गोव्यातून लांबच्या सफरीला निघणाऱ्या मोटारसायकलस्वारांची संख्या वाढत असताना हा विषय गॅरेजपुरता राहू नये, म्हणून हे पत्र.

मी फोंड्याचा रहिवासी असून वयाची पंचावन्न वर्षे ओलांडली आहेत. पत्नीसह वर्षातून दोन-तीन वेळा कोल्हापूर, पुणे किंवा दावणगेरेच्या बाजूने लांबचा प्रवास माझ्या ६५० सीसीच्या मोटारसायकलवर होतो. दीड-दोन तास ॲक्सिलरेटर एकाच स्थितीत पिळून धरला की माझ्या उजव्या हाताची बोटे बधिर होतात. मनगटातील नस दाबली जाते, असे डॉक्टरांनी सांगितले आहे. बधिर हाताने पुढचा ब्रेक दाबावा लागणे ही चैनीची गोष्ट नव्हे. शिवाय चौपदरी, दुभाजक असलेल्या महामार्गावर मोटारसायकलसाठी २०१८ च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार ताशी ८० किलोमीटरची मर्यादा घातली गेली. बेळगाव ते पुणे अशा मोकळ्या रस्त्यावर थकलेला हात ती मर्यादा नकळत ओलांडतो, असा माझा स्वतःचा अनुभव आहे. वेग एकसारखा ठेवणारे यंत्र १९५० साली पेटंट झाले, आणि ते करणारे अमेरिकन अभियंते राल्फ टीटर लहानपणापासून दृष्टिहीन होते. शेजारी बसून प्रवास करताना चालकाचा कमीजास्त होणारा वेग त्यांना खटकत असे. मागे बसणाऱ्या माझ्या पत्नीची तक्रार अगदी हीच होती.

ज्या नव्या गाड्यांमध्ये ॲक्सिलरेटरकडून इंजिनाकडे केबलऐवजी विजेचा संदेश जातो, त्यांना हा प्रश्न फारसा पडत नाही. त्यांत छोटा इलेक्ट्रॉनिक भाग आणि बटणे पुरतात. केबलवर चालणाऱ्या गाडीला मात्र ती केबल ओढणारा एक यांत्रिक हात लागतो, ज्याला ॲक्च्युएटर म्हणतात. मूळ मोटारींसाठी बनलेले ऑडिओव्हॉक्स कंपनीचे सीसीएस-१०० हे असेच यंत्र अनेक देशांतील मोटारसायकलस्वारांनी वर्षानुवर्षे वापरले आहे. इंजिनात हवा ओढली जाताना जी निर्वात ओढ तयार होते, तिच्या जोरावर आतला रबरी पडदा मागे सरकतो आणि थ्रॉटलची चाकी फिरवतो. चढावर थ्रॉटल जास्त उघडला की ही ओढ कमी पडते, म्हणून एकदिशा झडप लावलेला एक बंद डबा साठा म्हणून जोडावा लागतो. त्याखेरीज मागच्या किंवा पुढच्या चाकावर लोहचुंबक, त्याच्यासमोर वेग मोजणारी वेटोळी, हँडलवरची बटणे आणि ब्रेकच्या दिव्याच्या तारेला जोडणी, असा सगळा पसारा असतो. मोटारीच्या बॉनेटखाली तो कुठेही मावतो. मोटारसायकलमध्ये सोललेल्या लहान नारळाएवढा ॲक्च्युएटर ठेवायचा म्हटला की बोट घालायला जागा दिसत नाही.

आमच्या फोंड्यातील ज्या मेस्त्रींकडे मी गेली वीस वर्षे जातो, त्यांनी सीट आणि टाकी उतरवून बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, “हांगा जागो खंय आसा, बाब?” इथे जागा कुठे आहे, हा त्यांचा प्रश्न रास्त होता. सीटखाली बॅटरी, फ्यूजचा डबा आणि इंजिनाचा संगणक. टाकीखाली हवेच्या गाळणीचा मोठा डबा. उजव्या बाजूला सायलेन्सरची धग. पुढच्या फेअरिंगच्या, म्हणजे वारा अडवणाऱ्या आवरणाच्या, आत मोकळी पोकळी होती, पण तिथे पावसाचे पाणी थेट येते आणि केबल हँडलच्या मानेजवळून न्यावी लागते, म्हणजे वर सांगितलेल्या प्रसंगाला आमंत्रण. मागच्या चाकाच्या वर मडगार्डच्या आतही जागा दिसत होती. मात्र दोघे बसून खड्ड्यात गाडी आदळली की चाक तिथवर चढते.

शेवटी आम्ही साधा मार्ग घेतला. चवथीच्या मखरासाठी आणलेल्या थर्माकोलचा एक तुकडा घरी उरलेला होता. त्यातून ॲक्च्युएटरच्या नेमक्या मापाचा, केबलच्या तोंडासकट नमुना कापला आणि तो गाडीत प्रत्येक ठिकाणी ठेवून पाहिला. खरे यंत्र हातात घेऊन तारा हलवत जागा शोधण्यापेक्षा हे कितीतरी सोपे होते. नमुना अडकला तर थोडा तासून नेमके किती मिलिमीटर कमी पडतात तेही कळत होते. याच खटाटोपात एक गोष्ट उमगली, जी कोणत्याही माहितीपत्रकात मला वाचायला मिळाली नव्हती. या पसाऱ्यातील कोणता भाग थ्रॉटलजवळच असला पाहिजे आणि कोणता दूर गेला तरी चालतो, हे आधी ठरवले की निम्मा प्रश्न सुटतो. ॲक्च्युएटर जवळ हवा, कारण त्याची केबल आखूड असते आणि ती एकाच मोठ्या, सैलसर वळणात थ्रॉटलच्या चाकीपर्यंत पोहोचली पाहिजे. दोन आखूड वळणे पडली तर केबल आतून घासते आणि थ्रॉटल सुस्तपणे मिटतो. साठ्याच्या डब्याला मात्र फक्त रबरी नळी लागते. तो शेपटाकडे गेला तरी त्याचे काम अडत नाही.

डाव्या बाजूच्या आवरणामागे, जिथे गाडीची हत्यारे ठेवण्याचा प्लॅस्टिकचा कप्पा होता, तिथे नमुना आडवा बसला. एक बोटभर जागा कमी पडत होती. तिथेच पेट्रोलची वाफ शोषणारा कोळशाचा डबा आहे. तो काढून टाकला की ऐसपैस जागा होते, असा सल्ला मला दोन ठिकाणी मिळाला. तो डबा प्रदूषण रोखण्यासाठी गाडीला बसवलेला असतो आणि स्वतःच्या मनगटाच्या सोयीसाठी तो फेकून देणे मला मान्य नव्हते. आम्ही हत्यारांचा कप्पा काढून हत्यारे बाजूच्या पेटीत हलवली, तीन मिलिमीटर जाडीच्या ॲल्युमिनियमच्या पट्टीला वाक देऊन ती फ्रेमच्या नळीला क्लॅम्पने आवळली आणि ॲक्च्युएटर नळीचे तोंड खाली येईल असा बसवला, म्हणजे पाणी शिरले तरी निथळून जाईल. फ्रेमला कुठेही भोक पाडले नाही, वेल्डिंग केले नाही. साठ्याचा डबा हार्डवेअरच्या दुकानातील पीव्हीसी पाइपला दोन्ही टोकांना टोपणे चिकटवून केला आणि सीटच्या शेपटाखाली बांधला.

मागचे चाक वर आल्यावर त्या डब्याला लागते का, हे डोळ्यांनी कळत नाही. पत्नीने कणकेचा एक गोळा दिला. तो मडगार्डच्या आतल्या बाजूला डब्याखाली चिकटवून, पट्ट्यांनी गाडीची मागची बाजू पूर्ण दाबून, पुन्हा सोडून पाहिली. कणीक दबली ती सुमारे दीड सेंटिमीटर जाडी राखून. तेवढी फट पुरेशी आहे, असे मेस्त्रींचे मत पडले आणि मलाही ते पटले.

जोडणी पूर्ण झाल्यावर दोन दिवस क्रूझ कंट्रोल लागतच नव्हता. कारण ब्रेकच्या दिव्यात होते. हे यंत्र जुन्या पद्धतीच्या बल्बच्या तारेतून अर्थिंग शोधते आणि एलईडी दिव्यातून ते मिळत नाही. एक छोटा रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच, घातल्यावर काम झाले. गोव्याच्या खाऱ्या, दमट हवेत अशा जोडण्यांवर हिरवा गंज चढायला एक पावसाळा पुरतो, म्हणून प्रत्येक जोड सोल्डर करून ग्रीस भरलेल्या आवरणात ठेवला आहे. पावसात, घाटात आणि वस्तीत मी हे यंत्र वापरत नाही. ओल्या रस्त्यावर मागचे चाक घसरले तर वेग राखू पाहणारे यंत्र स्वाराच्या विरुद्ध काम करू शकते.

आता माझ्या तक्रारीकडे येतो. मी घेतलेल्या संचाच्या खोक्यावर ‘सर्व गाड्यांसाठी’ असे छापलेले होते आणि आत जागेविषयी एक ओळही नव्हती. विक्रेत्याला विचारले असता “जिथे मोकळे दिसेल तिथे बसवा” असे उत्तर मिळाले. स्नेह्यांच्या गाडीला नेमके तसेच बसवले गेले होते. ज्या वस्तूचे एक टोक थेट थ्रॉटलला जोडलेले आहे, ती विकताना प्रत्येक प्रमुख मॉडेलसाठी जागेचा नकाशा, केबलच्या वळणाची किमान मर्यादा आणि कागदी साचा देणे हे विक्रेत्याचे कर्तव्य आहे, असे माझे ठाम मत आहे. काही जण याला पर्याय म्हणून मुठीला लावायचा घर्षणाचा लॉक सुचवतात. त्याला जागा लागत नाही हे खरे. परंतु तो चढ-उतार ओळखत नाही आणि ब्रेक दाबल्यावर स्वतःहून सुटत नाही, त्यामुळे त्याला क्रूझ कंट्रोल म्हणणे चुकीचे आहे.

कायद्याविषयी एवढेच, की मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही. या जोडणीने तो तपशील बदलत नाही असे माझे वाचन आहे. तरीही मी विमा कंपनीला लेखी कळवून पोच घेतली आहे आणि इतरांनीही तसे करावे.

बसवणाऱ्या गॅरेजांना माझी विनंती आहे की गाडी ग्राहकाच्या हाती देण्यापूर्वी ती मधल्या स्टँडवर सुरू ठेवून हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवावे. इंजिनाचा आवाज किंचितही चढला तर केबल सोडवून नव्याने न्यावी. ॲक्सिलरेटर पूर्ण पिळून सोडल्यावर थ्रॉटल ‘टक्’ असा मिटल्याचे कानांनी ऐकावे. मग क्रूझ लावून पुढचा आणि मागचा ब्रेक वेगवेगळा दाबून पाहावा, कारण अनेकदा दोहोंपैकी एकच स्विच जोडलेला असतो. या तपासणीला अर्धा तास लागतो. राज्यातील औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमध्ये दुचाकी दुरुस्ती शिकणाऱ्या मुलांना ही तपासणी शिकवली गेली तर फार बरे होईल.

स्नेह्यांची गाडी आम्ही गेल्या रविवारी याच मेस्त्रींकडे पुन्हा उघडली आणि ॲक्च्युएटर फेअरिंगमधून काढून डाव्या आवरणामागे आणला. दोन्ही गाड्यांची मापे, पट्टीचा साचा आणि केबलच्या वाटेचे रेखाचित्र एका जाड कागदावर काढून ते गॅरेजच्या भिंतीवर लावले आहे. ज्यांना हे काम करून घ्यायचे आहे, त्यांनी आपापल्या गाडीची मापेही त्याच कागदावर लिहून ठेवावीत, अशी विनंती.

आपला नम्र,
एक मोटारसायकलस्वार वाचक,
फोंडा, गोवा