इको (हृदयाची सोनोग्राफी) काढणाऱ्या ताईंना

ताई, नमस्कार.

मी तुम्हाला आठवत नसणार. गड्ड्याची यात्रा संपली त्याच आठवड्यात आईबरोबर आले होते. दम लागायचा. युनिफॉर्म शिवायचा आमचा कारखाना दुसऱ्या मजल्यावर. जिना चढला की पाच मिनिटं नुसती बसून राहायचे. रक्त कमी असेल, बीट खा, असं सगळे सांगत होते.

छातीवरचा उभा व्रण बघून तुम्ही विचारलंत, "टेट्रालॉजी ना? याआधीचा इको कधीचा?" टेट्रालॉजी म्हणजे माझा जन्मापासूनचा हृदयाचा दोष: आत छिद्र आणि फुफ्फुसाकडे जाणारी वाट अरुंद. आई म्हणाली, "छिद्र तर तिसऱ्या वर्षीच बुजवलं की हो." माझा शेवटचा इको चौथीत असताना झालेला. व्रण झाकायला गळाबंद ड्रेस घालायचा, एवढाच आमच्या घरी त्या आजाराचा पाठपुरावा!

"रिपोर्ट डॉक्टर सांगतील, पण एवढं समजून घ्या," म्हणत तुम्ही आईच्या पिशवीतल्या लाईटबिलामागे हृदय काढलंत. लहानपणी फुफ्फुसाकडे जाणारी अरुंद वाट मोठी केली, त्यात तिथली झडप कामातून गेली. पुढे गेलेलं रक्त थोडं थोडं मागे येत राहतं. उजवा कप्पा वर्षानुवर्षं ते सोसतो आणि फुगत जातो. फार उशीर झाला तर झडप बदलूनही तो पूर्ववत होत नाही, ठोकेही बिघडू शकतात. दम लागेपर्यंत थांबायचंच नसतं, हे मला तेव्हा कळलं.

मग पहाटेची हुतात्मा एक्स्प्रेस पकडून पुण्याच्या फेऱ्या. एमआरआयमध्ये कप्पा किती फुगलाय ते मोजलं आणि मांडीच्या शिरेतून नवी झडप बसवली. सगळ्यांना ती अशी बसत नाही. वाट फार रुंद असली तर पुन्हा छाती उघडावी लागते. शिरेतून झडप बसवायची ही पद्धत पॅरिसमध्ये २००० साली पहिल्यांदा एका बारा वर्षांच्या मुलावर झाली. त्याची झडप गाईच्या मानेतल्या शिरेची होती. माझीही गुरांच्याच ऊतीची आहे. हे ऐकल्यापासून आजी माझ्याशी जरा आदरानं बोलते.

ही झडपही कधीतरी झिजणार. म्हणून दरवर्षी इको. शिवाय झडपेला जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून दाताच्या डॉक्टरला आधी झडपेचं सांगायचं. इकोला तुमच्याकडेच येईन, शेंगाचटणी घेऊन.

तुमचं चित्र फाईलमध्ये पहिल्या पानाला लावलंय. त्या गडबडीत बिल भरायचं राहिलं, दंड बसला. आईनं पहिल्यांदाच कुरकुर केली नाही.

तुमची,
दुसऱ्या मजल्यावरची शिवणवाली