लेसरची वाट अभियांत्रिकीतूनही

शिक्षण पुरवणीतील फोटोनिक्समधील, म्हणजे प्रकाशाच्या तंत्रज्ञानातील, करिअरविषयीचा लेख वाचला. लेसर संशोधनात जायचे तर भौतिकशास्त्रात बीएस्सी आणि मग एमएस्सी हाच मार्ग, असे त्यात ठामपणे म्हटले आहे. ते पटत नाही. त्याला छेद देणारे उदाहरण आपल्याच मातीतले आहे, पण लेखात त्याचा उल्लेखही नाही.

डॉ. सी. कुमार एन. पटेल यांचा जन्म १९३८ चा, बारामतीचा. पुण्याच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयातून ते १९५८ मध्ये दूरसंचार शाखेचे पदवीधर झाले. स्टॅनफर्डमधील त्यांची डॉक्टरेटही विद्युत अभियांत्रिकीतलीच. १९६१ मध्ये ते अमेरिकेतील बेल लॅबोरेटरीज या संशोधन संस्थेत रुजू झाले आणि अवघ्या दोन-तीन वर्षांत त्यांनी कार्बन डायऑक्साइड लेसर घडवला. उत्तेजित नायट्रोजनच्या रेणूंकडून कार्बन डायऑक्साइडला ऊर्जा मिळते, ही त्यातली खरी खुबी. त्यामुळे मिलिवॉटमध्ये मोजल्या जाणाऱ्या वायू-लेसरची शक्ती शेकडो वॉटपर्यंत गेली. आज कारखान्यात ॲक्रिलिक कापणारा आणि शस्त्रक्रियागृहात ऊती छेदणारा लेसर बहुधा याच घराण्यातला असतो. अमेरिकेने १९९६ मध्ये त्यांना राष्ट्रीय विज्ञान पदक दिले. (बारामतीत हे किती जणांना ठाऊक असेल, कोण जाणे!)

इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रातही लेसरवर अभियंते काम करतातच. बारावीनंतर अभियांत्रिकीला गेलेल्या मुलांनी तो लेख वाचून आपले दार बंद झाले असे समजू नये, म्हणून पुढील पुरवणीत ही दुरुस्ती छापावी.

— एक निवृत्त प्राध्यापक, पुणे